तोळामासा

कोंबडीचं एक पीस घ्या आणि अंगणाच्या पलीकडे फेकून दाखवा. जोर लावून फेका, हवं तर पळत येऊन फेका. पीस हातभर पुढे जाईल, जरा विचार करील आणि तुमच्याच नाकाशी परत येईल. आता त्या पिसात एक बारीक गरी लपवा, त्याला किड्याचा आकार द्या आणि तळ्यात तीस फुटांवर जो मासा पाण्यावरचे किडे टिपतो आहे त्याच्या तोंडासमोर ते पीस आवाज न करता उतरवा. जगातली बरीच शिकलेली, कमावती, बायकोमुलं असलेली माणसं हे जमवण्यात आयुष्य घालवतात. या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात आणि तो आता गोंदियाजवळच्या आमच्या बिरसीपर्यंत आला आहे. विमानाने आला हे सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण बिरसीत विमानतळ आहे हे सांगायची संधी आम्ही कधी सोडत नाही.

१९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे वैमानिक घडवणारी संस्था आली. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादचं विमान सुरू झालं आणि त्या विमानाने हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा भाचा सुट्टीला येऊ लागला. एरवी तो बॅग आणि चार्जर घेऊन येतो. या खेपेला खांद्याला एक लांब नळकांडं होतं.

बिरसीत नळकांडं घेऊन उतरणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, अशी इथली समजूत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. विमानतळासाठी ज्यांची जमीन गेली आणि ज्यांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यांना नळकांड्यात नकाशा असतो एवढं पक्कं ठाऊक आहे. टपरीवरचा चहा थांबला. "का जी, आता कोनाची जाऊन राह्यली?" एकाने विचारलं. भाचा म्हणाला, मासे मारायची काडी आहे. यावर कोणाचा विश्वास बसला नाही. मोजणीवाला कधी खरं सांगत नाही, हेही अनुभवातूनच आलेलं आहे.

घरी आल्यावर त्याने नळकांडं उघडलं. आतून मऊ कापडात गुंडाळलेले, एकात एक बसणारे चार काळे तुकडे निघाले. जोडले तर नऊ फुटांची निमुळती नळी. मूठ नाही, कड्या नाहीत, रीळ बसवायची जागा नाही.

"बाकीची कुठाय?" त्याच्या मामीने विचारलं.

"बाकीची आपण करायची, मामी. याला ब्लँक म्हणतात."

"अर्धवट वस्तूला एवढे पैसे?"

एवढे म्हणजे किती हे त्याने अजून सांगितलेलं नव्हतं. बायकांना ते नळकांड्याच्या कापडावरून कळतं.

ब्लँक म्हणजे काडीचा नुसता देह. पोलादाच्या निमुळत्या गजावर कार्बन तंतूंचं राळ पाजलेलं कापड गुंडाळायचं, वरून घट्ट फीत आवळायची, भट्टीत भाजायचं आणि गज ओढून काढायचा. उरते ती पोकळ नळी. हे तंतू मुळात विमानवाल्यांचे. इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात १९६० नंतर ते नावारूपाला आले आणि दहाएक वर्षांत मासेवाल्यांनी ते पळवले. आमच्या डोक्यावरून दिवसभर घिरट्या घालणारी शिकाऊ वैमानिकांची डायमंड कंपनीची छोटी विमानंसुद्धा काचतंतू आणि कार्बनतंतूंचीच. भाच्याने हे सांगितल्यावर त्याच्या मामीने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा काडीकडे पाहिलं आणि विमानात बसायचं आमंत्रण तिने पुढे कायमचं नाकारलं.

त्या काळ्या नळीच्या बुडाशी बारीक अक्षरांत ५ हा आकडा होता. पुढचं सगळं रामायण त्या पाचाचं आहे.

आपल्या गरीत वजन असतं ते टोकाला. शिसं, गांडूळ, कणकेचा गोळा यांपैकी काहीतरी पुढे जातं आणि डोर त्याच्यामागे फरफटत जाते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला वजनच नाही, म्हणून त्या लोकांनी वजन डोरीच्या अंगात घातलं. ही डोर प्लॅस्टिकच्या आवरणाची, पोटाशी जाड आणि टोकाला निमुळती असते. ती डोक्यावरून मागे झुलवायची. मागे ती सरळ ताणली गेली की तिच्या वजनाने काडी वाकते, वाकलेली काडी सरळ होताना डोरीला पुढे भिरकावते आणि डोरीच्या शेवटी बांधलेलं पीस फुकटात प्रवास करतं. म्हणजे सगळा खेळ काडीच्या वाकण्याचा. डोर हलकी पडली तर ताठ काडी वाकतच नाही, माणूस हवेत चाबूक ओढत राहतो. जड पडली तर काडी कमरेतून वाकते, सरळ व्हायचं विसरते आणि डोर मागच्या मागे गळून पडते. म्हणून प्रत्येक काडीला तिच्या ताकदीची डोर शोधावी लागते आणि त्यासाठी दोघींवर नंबर घातलेले असतात. (लग्न जुळवण्याची उपमा इथे कोणालाही सुचेल, म्हणून मी ती देत नाही. शिवाय भाच्याचं अजून जमायचं आहे आणि तो हे वाचणार आहे.)

डोरीचा नंबर ठरतो वजनावरून. मासेमारीचं सामान बनवणाऱ्या अमेरिकी कारखानदारांच्या संघटनेने १९६० च्या सुमाराला हे माप बांधलं. टोकाचा बारीक सरळ तुकडा सोडायचा, पुढची तीस फूट डोर तोलायची आणि किती ग्रेन भरते ते पाहायचं. एक नंबर म्हणजे ६० ग्रेन, चार म्हणजे १२०, पाच १४०, सहा १६०, सात १८५, आठ २१०. पाचात सहा ग्रेन इकडेतिकडे चालतात, जास्त नाही. ग्रेन म्हणजे जवाचा दाणा. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवला त्या दशकात तिथले लोक डोर जवाच्या दाण्यांनी तोलत होते आणि आजही तोलतात.

भाचा हे ग्रेन मोबाइलवर ग्रॅममध्ये बदलत बसला होता. मला ते करायची गरज वाटली नाही. १८३३ साली कंपनी सरकारने आपला तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनांचा, आणि पुढे चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा निघाला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एक मासा पंधरा ग्रेनांचा. आता पाहा, एक नंबरची डोर चार मासे, चार नंबरची आठ मासे, आठ नंबरची चौदा मासे, सगळं कसं काट्यावर. सात नंबरची डोर म्हणजे एक राणीछाप रुपया आणि वर पावणेतीन गुंजा. आपली पाच नंबरची नऊ मासे पावणेतीन गुंजा. जे माप समजायला भाच्याला चार पानी तक्ता लागला ते माझ्या आजीने फणी करतानाच समजावून दिलं असतं.

मग ठरलं की सराफाकडेच जायचं. वजनाची शंका सराफाकडे फिटते, हा आपला जुना रिवाज.

गोंदियाच्या बाजारातल्या सराफाने आधी ती हिरवी डोर पाहिली, मग आम्हाला पाहिलं. शेजारी एक कुटुंब मंगळसूत्राच्या वाट्या निवडत होतं. त्यांच्या वाट्या बाजूला सारून आमच्या डोरीची तीस फुटांची गुंडाळी तराजूवर चढली. डोर कापायची नव्हती, म्हणून उरलेली साठ फूट भाच्याने तराजूच्याच उंचीच्या एका डब्यावर सैल धरून ठेवली, ताण पडला तर आकडा हलतो म्हणून. सराफाने पंखा बंद केला. वाट्या निवडणाऱ्या आजी पुढे सरकल्या. नवरदेवाच्या बापाने चष्मा लावला. काट्यावर आलं १०.३८ ग्रॅम.

डोरीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५ छापलेलं होतं. पाच म्हणजे ९.०७ ग्रॅम. हे तर सरळ सहाचं वजन झालं, १६० ग्रेन.

"म्हणजे यांनी तुम्हाला सांगितलं कमी आणि दिलं जास्त," सराफ म्हणाला. पुन्हा एकदा तोलून त्याने खात्री केली. "भाऊ, या धंद्यात माझी तिसरी पिढी. जास्त देऊन फसवणारा व्यापारी मी पहिल्यांदा पाहतोय."

वाट्यावाल्या आजींनी त्या कंपनीचं दुकान कुठे आहे असं विचारून घेतलं.

कंपनी असं का करते, त्याची कथा जुनी आहे आणि ती अक्षरांपासून सुरू होते. पूर्वी डोर रेशमाची असे. रेशीम सगळीकडे सारखंच जड, म्हणून नुसती जाडी सांगितली तरी वजन कळायचं. जाडीला अक्षरं दिलेली होती. ए म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी साठ भाग, पुढच्या प्रत्येक अक्षराला पाच भाग कमी, असं करत एच म्हणजे पंचवीस. टोकाला बारीक, पोटाशी जाड, परत टोकाला बारीक अशा डोरीला एचडीएच म्हणायचे. गाडीचा नंबर वाटतो, पण चालत होतं. मग नायलॉन आलं, त्यावर प्लॅस्टिक चढलं, तेवढ्याच जाडीची डोर कधी हलकी निघू लागली, कधी जड, आणि अक्षरांना काही अर्थ उरला नाही. म्हणून ते जवाचे दाणे. इतकी खटपट करून डोरीला एकदाचं खरं माप मिळालं.

काडीला मात्र कोणी तोललं नाही. काडीवरचा पाच म्हणजे, ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या कोणा जाणकाराने एके दिवशी ती झुलवली आणि त्याला पाचाची वाटली, एवढंच. ते त्याचं मत आहे. छापलेलं मत असल्यामुळे त्याला वजन येतं, ते वेगळं.

मत म्हटलं की पुढारीपण येतं. गिऱ्हाईक दुकानात काडी झुलवून पाहतं तेव्हा त्याला ती चपळ, ताठ, लांब फेकणारी हवी असते. एका कारखान्याने आपली पाचाची काडी जरा ताठ केली. दुसऱ्याने आणखी ताठ केली. होता होता पाचाची काडी सहाची झाली, पण तिच्यावरचा पाच कोणी पुसेना, कारण गिऱ्हाईक पाचच मागायला आलेलं. आता या ताठ काडीला १४० ग्रेनांची प्रामाणिक डोर लावली तर ती वाकेचना. गिऱ्हाईक डोरीला शिव्या घालू लागलं. तेव्हा डोरवाल्यांनी गुपचूप डोरीत वजन भरलं आणि खोक्यावर पाच तसाच ठेवला. काडीवाल्याने सहाला पाच म्हटलं म्हणून डोरवाल्याने सहाला पाच म्हटलं, आणि दोन खोट्या पाचांचं एकमेकांशी झकास जमतं. खरा पाच मध्ये आला की घोटाळा होतो.

काही डोरवाले आजही इमानदारीने १४० ग्रेनच देतात. त्यांच्या डोरी फेकायला जमत नाहीत म्हणून लोक परत करतात.

हा गोंधळ मोडायला विल्यम हॅनेमन या अमेरिकी गृहस्थाने २००३ च्या सुमाराला एक तोड काढली, आणि ती इतकी साधी आहे की कारखानदारांना ती आवडणं शक्यच नव्हतं. काडीचं बूड आडवं पक्कं धरायचं. टोकाला छोटी पिशवी अडकवायची. पिशवीत एकेक सेंटचं नाणं टाकत जायचं. टोक काडीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आलं की थांबायचं आणि नाणी मोजायची. तेवढ्या नाण्यांचा नंबर तक्त्यात पाहायचा, तो काडीचा खरा नंबर. १९८२ नंतरचा सेंट अडीच ग्रॅमचा असतो म्हणून हे जमतं. नऊ फुटांची काडी असेल तर टोक तीन फूट खाली यायला हवं.

आमच्याकडे सेंट नव्हते, पण दहा रुपयांची नाणी होती. ती आमच्याकडच्या प्रत्येक घरात डबाभर असतात, कारण दुकानदार ती घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ती चालतात म्हणून कितीदा कळवलं, तरी किराणावाला बँकेचं ऐकत नाही, तो समोरच्या किराणावाल्याचं ऐकतो. दहाचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं, म्हणजे तीन सेंटांना एक. भाच्याने ब्लँकचं बूड पाटाला बांधलं आणि पाट दिवाणावर ठेवून त्यावर मला बसवलं. मामीने प्रसादाची पिशवी दिली. नाणी पडू लागली. काडी हळूहळू वाकत गेली, भाचा भिंतीवर खडूने खुणा करत गेला आणि हिशेब तक्त्यात घातल्यावर उत्तर आलं, सहाच्या थोडं पुढे.

म्हणजे खोक्यावर पाच लिहिलेली सहाची डोर आणि अंगावर पाच लिहिलेली सहाची काडी. भाचा खूश झाला. जे आधीच जमत होतं ते का जमत होतं हे कळण्यासाठी आमचा रविवार खर्ची पडला होता, आणि या छंदात रविवार सार्थकी लागला असं यालाच म्हणतात.

हे चाललेलं असताना दारात आबाजी उभे होते. ढिवर समाजातले, तळ्यावर जन्म काढलेले, गळपट्ट्यात बिडीचं बंडल. अशा गोष्टीत इथे नेहमी काय होतं ते वाचकांना ठाऊक आहे. अडाणी म्हातारा गालात हसतो, बांबूची काडी घेऊन जातो, संध्याकाळी रोहू घेऊन येतो आणि शहरी माणसाची जिरते. आबाजींनी तसं काही केलं नाही. त्यांनी ब्लँक हातात घेतली, टोक हलवून ते कुठून कुठवर थरथरतं ते पाहिलं, बोटाने टिचकी मारली.

"पोकळ होय?"

"हो, आबाजी."

"मंग हे काडी नाही होय. हे बासरी होय." आणि खाली बसून त्यांनी जे सुरू केलं ते दिवे लागेपर्यंत संपलं नाही. काडी मानवेलाची पाहिजे, कारण मानवेल बुडाशी भरीव असतो. कटांग बांबू मोठा दिसतो पण आतून पोकळ. तोडायचा तो अमावास्येला, नाहीतर भुंगा लागतो. माळावरचा घ्यायचा, नाल्याकाठचा नाही, नाल्याकाठचा लवकर वाढतो आणि लवकर माजतो. पेरं जवळजवळ असलेला घ्यायचा. तेल पाजायचं, जाळावर शेकून सरळ करायचा, आणि शेकताना दुसऱ्याशी बोलायचं नाही. काडीबद्दल एवढी मतं असलेला माणूस मी भाच्याशिवाय दुसरा पाहिला नव्हता.

आबाजींचा मुद्दा मोडीत काढण्यासारखा मुळीच नव्हता. मानवेल म्हणजे वनस्पतिशास्त्रातला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतला नेहमीचा बांबू, पोलिसाच्या लाठीचा बांबू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर फ्लायच्या काड्या बांबूच्या करू लागले तेव्हा हाच बांबू कलकत्ता बंदरातून जहाजाने त्यांच्याकडे जायचा. त्याचं नाव तिकडे कलकत्ता केन. त्याच्या उभ्या चिंभ्या काढायच्या, प्रत्येक चिंभी तिकोनी तासायची, सहा चिंभ्या सरसाने चिकटवून षट्कोनी काडी करायची. आपल्या बुरडाला त्यातली पहिली पायरी झोपेत येईल. काडीचा नंबर सगळा त्या तासण्यात. इकडे इंचाचा शंभरावा भाग जास्त गेला की पाचाची चार होते. पुढे चीनमधला टोंकिन बांबू मिळू लागला आणि कलकत्त्याचा मागे पडला. पण काही वर्षं तरी असं होतं, की ज्या बांबूने इंग्रज शिपाई आपल्या आजोबांना झोडपायचा, त्याच बांबूने इंग्रज साहेब रविवारी ट्राउट धरायचा.

आबाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग? मी काय सांगून राह्यलो?" आणि भाच्याकडे वळले. "ते पैशाचं लटकवनं माह्या काडीले करून दाखव."

काडी आली. बूड पाटाला बांधलं, मी पाटावर बसलो. डब्यातली नाणी संपली तरी टोक वीतभरच खाली आलं होतं. शेजारच्या घरातला डबा आणला. तोही संपत आला. शेवटी नाण्यांऐवजी भाच्याने वाणसामानाचं अर्ध्या किलोचं वजन अडकवलं आणि जाहीर केलं की ही बाराच्याही पुढे आहे, तक्ता संपला.

"तुह्यी सहाची," आबाजी शांतपणे म्हणाले, "माह्यी बाराच्या वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजींचे चुलतभाऊ स्वतःची काडी घेऊन आले. नंतर आणखी एकजण. सगळ्यांना आकडा पाहिजे होता. चुलतभावांची काडी अकराची निघाली, तेव्हा त्यांनी पाट नीट बांधला नव्हता अशी तक्रार केली आणि मोजणी पुन्हा घ्यायला लावली. आबाजी शेजारी बसून नाण्यांवर नजर ठेवून होते. टपरीवर दोन दिवस सगळे एकमेकांना नंबराने ओळखत होते. गल्लीतल्या दहाच्या नाण्यांना इतकी मागणी आल्याचं गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलं नाही.

(ज्यांना आबाजींच्या पद्धतीने काडी करायची आहे त्यांच्यासाठी जाताजाता एक. २०१७ च्या आधी भारतीय वन अधिनियमात बांबू हे झाड होतं, आणि स्वतःच्या बांधावरचा बांबूही तोडून गावाबाहेर न्यायचा तर परवान्याच्या भानगडी असत. २०१७ मध्ये कायदा बदलला, आणि जंगलाबाहेरचा बांबू आता गवत आहे. गवताला परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूला मात्र वन कायदा अजून लागू आहे, तेव्हा कुंपण कुठे संपतं ते पाहून कोयता चालवावा.)

ब्लँकला बुचाची मूठ बसली, रेशमी दोऱ्याने कड्या बांधल्या गेल्या, दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप चढला. हे सगळं करताना काडी थोडी जड होते आणि किंचित नरमते, म्हणून चांगले कारागीर कड्या हलक्या आणि लेप पातळ ठेवतात. भाच्याने लेप सढळ हाताने दिला. मामीच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला तूप कमी वाढणं जमत नाही.

मग आम्ही तळ्यावर गेलो आणि तिथे सगळा नंबरांचा हिशेब पाळीवरून खाली घसरला.

आमची तळी कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हापासून सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि थोडक्यात मामा तलाव म्हणतात. भाच्याला हे नाव फार आवडलं. तळ्याची पाळ म्हणजे मातीचा उंच बांध, त्यावर आंबा, जांभूळ, मोह, आणि पाण्याकडच्या उतारावर बेशरमचं रान. बेशरम ही जांभळ्या फुलांची झुडपं एकदा तळ्यात शिरली की नावाला जागतात. फ्लायची डोर पुढे फेकण्याआधी तीस फूट मागे झुलवावी लागते. मागे तीस फूट मोकळं असलेलं एकही ठिकाण त्या पाळीवर नव्हतं. भाच्याने पहिल्यांदा डोर मागे टाकली ती जांभळीने ठेवून घेतली. दुसऱ्यांदा बेशरमने. आबाजींनी विडी पेटवली.

डोरीचा नंबर तीस फुटांच्या वजनावर ठरलेला आहे. मामा तलावावर माणसाला फार तर पंधरा फूट डोर बाहेर काढता येते. पंधरा फूट म्हणजे वजन अर्धं, खरं तर अर्ध्याहून कमी, कारण पुढचं टोक निमुळतं. म्हणजे तुम्ही सराफाकडून तोलून आणलेली सहाची डोर पाळीवर उभं राहिलात की तिनाचीही भरत नाही, आणि सहाची काडी ढिम्म उभी राहते. ज्या माणसाच्या मागे मोकळं मैदान आणि पुढे साठ फूट पाणी आहे त्याला उलट हलकी डोर लागते, कारण तो तीस फुटांहून जास्त डोर हवेत ठेवतो. नंबर काडीला द्यावा, डोरीला द्यावा, पण सगळ्यात आधी तळ्याला द्यायला हवा, ही गोष्ट त्या अमेरिकी तक्त्यात नव्हती. त्यांच्या तक्त्यात बेशरम कुठून येणार?

शिवाय कोणता मासा पाहिजे ते आलंच. कोतरीला तीन नंबर पुरे. मरळ म्हटलं तर गवतात दडलेला, हवा घ्यायला वर येणारा, बेडकावर झेप घालणारा, त्याला बेडकाएवढं पिसांचं भेंडोळं फेकावं लागतं आणि ते वाहून न्यायला आठ नंबरची, चौदा माशांची डोर लागते. तळ्याकाठी भाचा हे चौदा मासे मोठ्याने मोजत होता तेव्हा आबाजींनी घाईने विचारलं, "कोन्ते? कुठी?"

भाच्याने पिशवीतून सात नंबरची डोर काढली, मागे न झुलवता पुढच्या पुढे वळसा देऊन टाकली, आणि पीस पंधरा-सोळा फुटांवर बेशरमच्या कडेला जाऊन बसलं. पहिली लागली ती कोतरी, बोटाएवढी, चांदीसारखी. भाच्याने ती ओल्या हाताने सोडून दिली. आबाजींनी ती जाताना पाहिली आणि त्यांना फक्त एकच शंका होती, "हे कितीच्या नंबरची?"

तेव्हा गोंदिया जिल्ह्यात येऊ घातलेल्या हौशी मंडळींसाठी निकाल असा. पाच लिहिलेली काडी ही सहाची आहे असं धरा, आणि मामा तलावाच्या पाळीवरून टाकायची तर तिला सात नंबरची डोर लावा, म्हणजे जुन्या मापाने रुपयाभर. डोरीच्या खोक्यावर विश्वास ठेवू नका, सराफाकडे तोलून घ्या, तो पैसे घेत नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पात गरी घेऊन शिरू नका. बाकीची बरीचशी तळी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे पाण्यात काहीही टाकण्याआधी संस्थेच्या सचिवाला विचारा. आमच्या तळ्याचा सचिव सकाळी नऊच्या आत भेटतो, त्यानंतर तो स्वतः तळ्यावर असतो.